विसाव्यापाशी

नायगावपासून थोडं आत असलेल्या त्या गावात एखादं जड काम निघालं की आधी हणमंतरावांना हाक जायची. टेम्पो चिखलात रुतला, विहिरीतली मोटर वर काढायची, नाहीतर देवळापुढचा दगडी नंदी हलवायचा. पन्नाशी ओलांडली तरी सोयाबीनचं भरलेलं पोतं ते एका झटक्यात पाठीवर घ्यायचे, आणि घेताना आजूबाजूला एकदा बघायचे. कोण कोण बघतंय, ते.

त्यांचा धाकटा भाऊ सुदर्शन याच्या अगदी उलट. लहानपणी शाळेच्या मैदानावर अर्धी फेरी धावला की तो मध्येच खाली बसायचा. ओठ पांढरे पडायचे. एकदा हणमंतराव सगळ्या पोरांसमोर म्हणाले होते, "आमचा सुदर्शन म्हंजी पापड हाय. हात लावला की मोडला!" पोरं हसली आणि ते नाव त्याला जन्माचं चिकटलं. लग्नात उज्वलानं ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला वाटलं, नवऱ्याला पापड आवडत असतील. खरं काय ते कळल्यावर ती त्या दिवशी जेवली नाही.

सुदर्शन मात्र कधी चिडला नाही. शेतात तो हलकी कामं करायचा. पाणी द्यायचा, फवारणीचं बघायचा, बाजाराचे हिशोब सांभाळायचा. दोघा भावांची घरं एकाच अंगणात, भिंतीला भिंत लावून होती. हणमंतराव चारचौघांत त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "आमचं घर दोघं चालवतोत. मी उचलतो, हा मोजतो." लोक हसायचे. सुदर्शनही हसायचा.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास हणमंतरावांचा खोकला जाता जाईना. नायगावच्या डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे काढला, बराच वेळ तो उजेडापुढे धरून पाहिला आणि त्यांना नांदेडला पाठवलं. तिथं आधी छातीवर यंत्र फिरवून सोनोग्राफीसारखी तपासणी झाली, मग सीटी स्कॅन झाला. हृदयाच्या डॉक्टर होत्या मंजुश्री मॅडम, मूळच्या उदगीरकडच्या. बोलताना घाई करायच्या नाहीत.

"खोकल्याचं विशेष काही नाही, जाईल तो," त्या म्हणाल्या. "पण दुसरं एक सापडलंय. हृदयातून जी मोठी रक्तवाहिनी वर निघते ना, सगळ्या अंगाला रक्त नेणारी, ती तुमची फुगलीये. साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास असायला पाहिजे. तुमची पावणेपाच झालीये."

"मला तर काई दुखत न्हाई," हणमंतराव म्हणाले.

"बहुतेकांना नाही दुखत. म्हणून तर कळत नाही. बीपी आटोक्यात ठेवलं, गोळ्या चुकवल्या नाहीत, तर पुष्कळ जणांची वर्षानुवर्षं आहे तेवढीच राहते. दर सहा महिन्यांनी बघत राहायचं. जास्त वाढली तर ऑपरेशन करून तेवढा भाग बदलता येतो. पण तोवर जड उचलायचं नाही. दम कोंडून जोर लावायचा नाही. भिंत पातळ झालेली असते, एकदम दाब चढला तर ती फाटू शकते. मग वेळ मिळत नाही."

हणमंतरावांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "उचलायचं न्हाई म्हंजी? पोतंबी न्हाई?"

"पोतं तर नाहीच." मग त्यांनी पडद्यावरचं चित्र त्यांच्याकडे वळवलं. "आणि हे बघा. इथल्या झडपेला तीन पाकळ्या असतात. तुम्हाला जन्मापासून दोनच आहेत. हे घराण्यात असू शकतं. मुलंबाळं, भाऊ, बहिणी, सगळ्यांची तपासणी झाली पाहिजे. कोण कोण आहे?"

"एक पोरगी हाय, आरती, हिमायतनगरला दिलेली. आन् एक भाऊ."

"भावाला काही त्रास?"

"त्याला कशाचा त्रास? जरा नाजूक हाय तो. थोडं चाललं की दम लागतोय. बारीक होता तवापासून."

डॉक्टरांनी लिहिता लिहिता मान वर केली. "लहानपणापासून?"

"हाव."

"पुढच्या वेळी त्यांना घेऊनच या. पुढच्या वेळी कशाला, याच आठवड्यात पाठवा."

"हाव," हणमंतराव म्हणाले, आणि त्याच क्षणी त्यांना सगळं कळलं. मैदानावर मध्येच बसणारा पोरगा, त्याचे पांढरे ओठ, त्यावर हसणारी शाळा. त्यांना घाम फुटला. डॉक्टरांना वाटलं, आजाराच्या भीतीनं.

बायको तारामती बाहेर औषधाच्या दुकानात उभी होती. तिला त्यांनी सांगितलं, "बीपी हाय म्हणाल्या. गोळ्या दिल्यात." तारामतीनं आणखी दोन प्रश्न विचारले, तेव्हा ते तिच्यावर खेकसले.

गावात परत आल्यावर त्यांनी कंबर धरल्याचं जाहीर केलं. टेम्पो भरायची वेळ आली की कमरेवर हात ठेवून बाजूला उभे राहू लागले. तारामती मजुरांबरोबर पोत्याला हात लावायची आणि ते दुसरीकडे बघायचे. गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान असलेला वीरण्णा एकदा हसत म्हणाला, "काय हणमंतराव, वहिनीला पैलवान करून राहिलात की काय?" त्या दिवशी ते दुपारभर घराबाहेर पडले नाहीत.

गोळ्या मात्र त्यांनी एकदाही चुकवल्या नाहीत. स्वतःच्या जिवाची काळजी ते नीट घेत होते, आणि याचीच त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटायची.

त्यांचे वडील दगडोबा लकव्यानं अंथरुणाला खिळले होते. रोज सकाळी त्यांना दोन्ही हातांवर उचलून अंगणातल्या बाजेवर उन्हात आणून ठेवायचं आणि ऊन चढलं की आत न्यायचं, हे काम हणमंतरावांचं होतं. म्हाताऱ्याचं शरीर मोठ्या हाडाचं, ते दुसऱ्या कुणाला झेपत नसे. कमरेचं निमित्त झाल्यावर पहिल्याच सकाळी सुदर्शन पुढं आला.

"दादा, तू राहू दे. बाबाला मी घेतो."

"तुला जमंल?"

"बघू की."

त्यानं वडिलांच्या मानेखाली आणि गुडघ्यांखाली हात घातले, दात आवळले आणि उचललं. अंगणापर्यंत येताना तो वाकला होता. बाजेवर ठेवल्यावर तो खांबाला टेकून उभा राहिला. एक हात छातीवर होता. हणमंतरावांनी ते पाहिलं. तोंडाशी शब्द आला होता. तेवढ्यात दगडोबा अर्ध्या वाकड्या तोंडानं काहीतरी पुटपुटले. सुदर्शननं कान जवळ नेला आणि त्याचा चेहरा उजळला.

"दादा, बाबा काय म्हणाले ऐकलंस? म्हणे, तुझ्या हातात बरं वाटतंय."

हणमंतराव म्हणाले, "दम खा जरा."

इतकंच म्हणाले. रोज सकाळी हे असंच होत राहिलं. दिवाळी गेली, संक्रांत गेली. सुदर्शन वडिलांना उचलायचा, खांबाला टेकायचा, आणि हणमंतराव तोंडात दातवण धरून बघत राहायचे. एकदा ठरवून ते त्याच्या घरात गेलेही. "सुदर्शन, उद्या नांदेडला चल माझ्याबरोबर."

"कशाला?"

उज्वला भाकरी थापता थापता थांबली होती. सुदर्शनकडे आलेला एक पाहुणा बसला होता. काय सांगायचं? तू पापड नव्हतास, आजारी होतास. मी तुला हसलो. आणि आता मीबी तसाच झालोय?

"न्हाई, मोटरचा एक पार्ट बघायचा होता," ते म्हणाले. "राहू दे. फोनवर विचारतो."

महाशिवरात्रीनंतर काही दिवसांनी दगडोबा गेले. सकाळी सुदर्शन उचलायला गेला तेव्हा अंग थंड होतं.

बापाच्या अंत्ययात्रेत थोरल्यानं विस्तवाचं मडकं घेऊन पुढं चालायचं असतं. खांदा त्याच्याकडे नसतो. हणमंतरावांच्या हातात मडकं आलं तेव्हा पहिल्यांदा त्यांना हायसं वाटलं. खांद्याला का आला नाहीत, असं आज कुणी विचारणार नव्हतं. बाप तिरडीवर असताना आपल्याला हे सुचतंय, हे लक्षात आलं आणि त्यांची मान खाली गेली. लोकांना वाटलं, दुःखानं.

समोरच्या डाव्या बाजूला सुदर्शननं खांदा दिला. पोरांनी म्हटलं, "काका, आम्ही हाव की," पण तो ऐकेना. "एवढे दिस मीच उचललंय त्यांना. आजबी मीच नेतो."

वाट नदीकडं जाणारी, मध्ये चढ. पुढं चालणाऱ्यानं मागं वळून बघायचं नसतं. हणमंतराव मडक्यातल्या धुराकडे बघत चालले होते. हलगी वाजत होती, तरी त्यांना पाठीमागचा श्वास ऐकू येत होता. चढ लागला तसा तो श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. पायाखालचा एखादा दगड निसटला की तो मध्येच तुटायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. भिंत पातळ झालेली असते, मॅडम म्हणाल्या होत्या. एकदम दाब चढला तर. हणमंतरावांनी पावलं हळू केली. मागून कुणीतरी म्हणालं, "दादा, चला, ऊन होऊन राहिलंय."

विसाव्यापाशी तिरडी खाली ठेवली. इथं खांदेकरी बदलतात. हणमंतराव वळले. सुदर्शन वाकून गुडघ्यांवर हात टेकून उभा होता. घाम हनुवटीवरून गळत होता. ओठ पांढरे. शाळेच्या मैदानावर होते तसेच.

दुसऱ्या दांडीवरची माणसं बदलली. सुदर्शन सरळ झाला आणि पुन्हा आपल्या जागी येऊन उभा राहिला.

"सुदर्शनला काढा तिथून," हणमंतराव म्हणाले.

कुणाला वाटलं, त्यांची नेहमीचीच सवय. कुणीतरी गालात हसलंही. वीरण्णा पुढं आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "हणमंतराव, असू द्या. बापाला तरी नेऊ द्या त्याला."

सुदर्शनचे डोळे भरले. सगळ्या आयुष्यात तो भावाला उलटून बोलला नव्हता. आता म्हणाला, "दादा, आज तरी नको रे. आजचा दिस तरी मला पापड म्हणू नको."

हणमंतराव एक पाऊल त्याच्याकडे गेले.

"मी ते म्हणून न्हाई राहिलो," ते म्हणाले. "तू पापड न्हाईस. कधीच नव्हतास. ऐक. मला आजार हाय. काळजातून निघणारी नस फुगली हाय माझी. कंबर बिंबर काई न्हाई, ते खोटं होतं. ती घराण्यात असते. डॉक्टरीणबाईनं दसऱ्याच्या टायमाला सांगितलं होतं, भावाला ताबडतोब घेऊन या. लहानपणापासून दम लागतो म्हणल्यावर त्यांना लगेच कळलं. मलाबी कळलं. मी तुला सांगितलं न्हाई."

हलगीवाले थांबले होते.

"का?" सुदर्शननं विचारलं.

हणमंतरावांची नजर मडक्याकडे गेली. सुदर्शननं एकदा तिरडीकडे पाहिलं. मग दांडीवरचा हात काढून बाजूला झाला. त्याच्या जागी दुसरं कुणी आलं. उरलेली वाट तो घोळक्याच्या मागं, एकटा चालला. सरणाला अग्नी देताना हणमंतरावांनी त्याला शोधलं. तो नदीच्या काठाशी पाठ करून बसला होता.

ही गोष्ट माणसांच्या आधी घरी पोचली होती. हणमंतराव अंगणात आले तेव्हा उज्वला दारात उभी होती. ती भाऊजींशी डोक्यावरचा पदर सावरून, खाली बघून बोलायची. त्या दिवशी तिनं सरळ त्यांच्याकडे पाहिलं.

"तुम्ही रोज बघत होता, भाऊजी," ती म्हणाली. "इथंच उभं राहून. रोज."

आणि ती आत गेली. तारामतीनंही त्या दिवशी त्यांना पाणी विचारलं नाही.

सुतकातच सुदर्शनला नांदेडला नेलं. सुदर्शन म्हणाला होता की दादा नको, म्हणून तारामती आणि उज्वला गेल्या. मंजुश्री मॅडमनी तपासलं. त्याच्याही झडपेला दोनच पाकळ्या होत्या, पण त्या नीट मिटत नव्हत्या. हृदयानं पुढं ढकललेलं रक्त मागं गळत होतं. इतकी वर्षं जो दम लागत होता तो त्याचाच. आणि हृदयातून वर निघणारी नळी हणमंतरावांपेक्षा पुष्कळ जास्त फुगलेली. थांबण्यात अर्थ नव्हता. लातूरला ओळखीचे सर्जन होते. झडप आणि वरची नळी, दोन्ही बदलायचं ठरलं.

"यांनी एवढ्यात काही जड उचललं का?" मॅडमनी विचारलं.

तारामतीनं घरी येऊन हे नवऱ्याला सांगितलं. "मी काय सांगू त्यांना? मी म्हणलं, हाव, उचललं." हणमंतराव मान वर करेनात. "हिमायतनगरला फोन करा," ती पुढं म्हणाली. "आरतीला तुम्हीच सांगा. मी न्हाई सांगणार." त्यांनी तिच्यासमोर फोन लावला आणि सगळं सांगितलं. आरती पुढच्याच आठवड्यात तपासून आली. तिला काही नव्हतं.

ऑपरेशनच्या दिवशी हणमंतराव न बोलावता लातूरला गेले. दवाखान्याच्या आवारात एका झाडाच्या पारावर बसून राहिले. रक्त लागणार होतं म्हणून गावातली माणसं जीप करून आली होती. हणमंतराव त्यांच्यामागं रांगेत उभे राहिले. तिथल्या माणसानं आजार विचारला, गोळ्या विचारल्या आणि म्हणाला, "काका, तुमचं चालणार नाही." ते रांगेतून बाहेर आले. जीपमधून आलेली सगळी माणसं बघत होती. वीरण्णानं त्यांना बसायला जागा करून दिली, पाण्याची बाटली दिली. "तुम्हीबी जपा आता," म्हणाला. रागावलं असतं कुणी, तर बरं वाटलं असतं. आजारी माणसाला कोण रागावणार?

मग एक पोरगा आतून येऊन म्हणाला, "पापडकाकाला नेलं आत." सहज, प्रेमानं म्हणाला. त्या पोराला दुसरं नावच माहीत नव्हतं. हणमंतराव उठून भिंतीपलीकडे गेले.

सर्जन बाहेर आले तेव्हा दुपार कलली होती. सगळं ठीक झालं होतं. "वेळेत आणलंत," ते उज्वलाला म्हणाले. "भिंत फारच पातळ झाली होती."

सुदर्शनला वॉर्डात आणल्यावर काही दिवसांनी त्यानं स्वतःच निरोप पाठवला. हणमंतराव आत गेले. छातीवर लांब पट्टी, नाकाजवळ नळ्यांनी खरचटल्याच्या खुणा. पण ओठांना रंग होता. हणमंतरावांनी भावाचे ओठ असे कधी पाहिले नव्हते.

"बस," सुदर्शन म्हणाला.

ते स्टुलावर बसले.

"एक विचारतो दादा. खरं सांग. मी बाबाला उचलायचो आन् तू बघायचास. तवा तुला काय वाटायचं?"

खोटं बोलायला हणमंतरावांकडे आता काही उरलं नव्हतं.

"भ्या वाटायचं," ते म्हणाले. "आन्... बरंबी वाटायचं. तू उचलतोस म्हंजी मी का उचलत न्हाई, हे कुणी इचारायचं न्हाई."

सुदर्शननं डोळे मिटले. हणमंतरावांना वाटलं, आता तो जा म्हणेल. पण तो म्हणाला, "बाबा म्हणाले होते, तुझ्या हातात बरं वाटतंय. तेवढं मला मिळालं. तू आधीच सांगितलं असतंस तर ते मिळालं नसतं." मग डोळे उघडून तो म्हणाला, "पण म्हणून मी तुला माफ केलं असं न्हाई."

"न्हाई," हणमंतराव म्हणाले. "करूबी नको."

सुदर्शन घरी आला. रक्त पातळ ठेवायची गोळी त्याला रोज घ्यावी लागते आणि त्यासाठी वरचेवर तपासणी असते. आता तो शेताच्या बांधापर्यंत न थांबता चालत जातो. आजूबाजूला शांतता असली की छातीतली नवी झडप टिकटिकते, असं उज्वला सांगते. ती अजून हणमंतरावांशी बोलत नाही. ताट वाढायची वेळ आली तर तारामतीकडे देते. सुदर्शन बोलतो, कामापुरतं. हणमंतरावांची दुसरी तपासणी झाली. नळी होती तेवढीच होती, वाढली नव्हती. मॅडम म्हणाल्या, "छान." ते छान त्यांना कुणाला सांगावंसं वाटलं नाही.

मृगाच्या पेरणीला बियाण्याच्या आणि खताच्या बॅगा ट्रॅक्टरमध्ये चढवायच्या होत्या. तारामती, उज्वला आणि दोन मजूर उचलत होते. दोन्ही भावांना मनाई होती, म्हणून ते बांधावर बसले होते. रस्त्यानं जाणारी-येणारी माणसं वळून बघत होती. दोन धडधाकट दिसणारे पुरुष बसलेत आणि बायका बॅगा उचलतायत. हणमंतराव अस्वस्थ होऊन दोनदा उठले, दोनदा बसले. चेहरा लाल झाला होता.

"काय झालं?" सुदर्शननं विचारलं.

"लोक बघून राहिलेत."

"बघू दे," सुदर्शन म्हणाला. "मला जन्मभर बघून राहिलेत. पयल्यांदा लई लागतं. मग कमी लागतं, पण लागायचं थांबत न्हाई."

समोर उज्वलानं एक बॅग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकली, पदरानं तोंड पुसलं आणि दुसरी उचलायला वळली. सुदर्शन जरा सरकला.

"इकडं ये," तो म्हणाला. "तिथं ऊन हाय."

हणमंतराव उठून त्याच्याजवळ जाऊन बसले, आणि बॅगा संपेपर्यंत दोघं तिथंच, सगळ्यांना दिसतील असे बसून राहिले.